काट्यामागचा दिवा

हॅलोमामांना ऐकू येत नव्हतं, आणि सोलापुरात त्यांच्यासारखा लाऊडस्पीकरवाला दुसरा नव्हता. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. दुसरं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पहिलं बरीच वर्षं फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे मामींना, आणि पुढे मला.

त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर आमच्यापैकी निम्म्यांना सांगता आलं नसतं. कार्यक्रमाआधी माईकसमोर उभं राहून, घसा खाकरून ते एकदाच ‘हॅलो’ म्हणायचे आणि लगेच मान वळवून मशीनकडे बघायचे, म्हणून हॅलोमामा. बाकीचे लाऊडस्पीकरवाले ‘हॅलो हॅलो’ करून कान टवकारतात. हे डोळे बारीक करायचे. त्यांचं मशीन म्हणजे एक जुना परदेशी बनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर होता, ट्रंकेएवढा आणि ट्रंकेइतकाच जड. त्याच्या दर्शनी बाजूला एक छोटी काचेची खिडकी, खिडकीत एक बारीक काटा आणि काट्यामागे करवंदाएवढा बल्ब. आवाज चढला की काटा चढायचा, उतरला की उतरायचा. मधल्या रेघेपाशी नाचत राहिला तर सगळं ठीक. उजवीकडच्या लाल पट्ट्यात जाऊन चिकटला, तर कर्णे शिट्टी मारायला लागले असं समजायचं. मामांचं ऐकणं ते एवढंच.

तरुणपणी ते गिरणीत मागावर होते. तिथल्या खडखडाटानं त्यांचे कान निम्मे नेले आणि उरलेले त्यांच्याच कर्ण्यांनी. पण धंदाच असा की संशय यायला जागा नव्हती. लाऊडस्पीकरवाल्याशी कुणी तोंडानं बोलतच नाही. लांबून हात वर केला म्हणजे ‘आवाज वाढव’, खाली दाबला म्हणजे ‘कमी कर’. समोरासमोर कुणी बोललंच तर मामा ओठांवरून ओळखायचे. ते स्वतः फार मोठ्यांदा बोलत, पण तेही लोकांना धंद्याची सवय वाटायची. कार्यक्रमाची सुपारी द्यायला घरी माणूस आला की मामी म्हणायच्या, “ते वर कर्णे बांधायलेत, मला सांगा,” आणि बोलणी उरकून टाकायच्या.

मी तेव्हा शाळेत शिकवायचे आणि गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या लग्नाच्या समारंभात भावगीतं गायचे. दुष्काळ नुकताच सरला होता आणि लोकांना पुन्हा चार माणसांत बसून गाणं ऐकावंसं वाटत होतं. पहिल्या कार्यक्रमाला मी मामांना विचारलं, “मामा, आवाज ठीक येतोय ना?” ते पाठमोरे होऊन वायर जोडत होते. उत्तर नाही. मला वाटलं, माणूस भलताच शिष्ट आहे. मग मीही फुगून बसले. दुसऱ्या गाण्यात एकाएकी कर्णे किंचाळायला लागले. लोकांनी कानांत बोटं घातली, पेटीवाला थांबला. आणि हॅलोमामा मशीनचं मागचं झाकण उघडून, निरांजन लावायला वाकावं तसे शांतपणे आत वाकलेले. बायकांतून मामी पदर सावरत धावत आल्या, त्यांनी एक बटण फिरवलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी शरम होती ती मला आजही नीट आठवते.

दुसऱ्या दिवशी तक्रार करायच्या तयारीनंच मी त्यांच्या घरी गेले. मामींनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

“बाई, त्येनला ऐकायला येत न्हाय. कुटं बोलू नका. भैरा लाऊडस्पीकरवाला म्हणल्यावर कोण बोलावंल? आन् ह्ये काम गेलं तर त्ये घरात बसून झुरून मरतील.”

तेवढ्यात मामाच चहा घेऊन बाहेर आले. आमच्या तोंडांवरून काय ते त्यांना कळलं असावं.

“कळलं न्हवं तुमाला? बरं झालं,” ते म्हणाले. “भैरा तर मी हायेच. दिवा गेला की आंदळाबी हुतो. मागनं उजेड आसल्याशिवाय त्या काचंतलं काय दिसत न्हाय, बाहेरनं बॅटरी मारली तर नुसती बॅटरीच दिसती. तवा एक करा. गाताना मशीनवर नजर ठिवा. दिवा गेला की तुमी पाणी प्या.”

झालं, तेव्हापासून आमचं ठरून गेलं. स्टेजवरून मला त्यांच्या टेबलावरची ती पिवळी खिडकी दिसायची. ती विझली की मी हातातली ओळ पुरी करून पेल्याला हात घालायची. पेटी-तबला थांबायचे. मी घोट घोट पाणी प्यायची, पदरानं तोंड टिपायची, पुढच्या गाण्याविषयी काहीबाही बोलायची. तोवर मामा रुमालात धरून जळका बल्ब काढत आणि नवा बसवत. खिडकी उजळली की मी पुन्हा सूर लावायची. गावात माझ्याबद्दल बोललं जायचं की बाई गातात गोड, पण घसा फार सुकतो. शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी तर मला ज्येष्ठमधाची पुडी आणून दिली होती. मीही ती बिनबोभाट पर्समध्ये टाकली.

त्या बल्बांचा मामांना लळाच होता. तसले बल्ब जुन्या मोठ्या रेडिओंच्या डायलमागे असत. लोक तेव्हा ते रेडिओ काढून टाकून खांद्याला अडकवायचे ट्रान्झिस्टर घेत होते. मामा बाजारात भंगारवाल्यांकडे बसून मेलेल्या रेडिओंतले जिवंत बल्ब शोधायचे आणि कापसात गुंडाळून पावडरच्या डब्यात ठेवायचे. बाजारातून आणलेला बल्ब ते कधीच थेट कार्यक्रमाला नेत नसत. आधी घरी मशीनला लावून दुपारभर जळत ठेवायचे. “ज्येला दगा द्यायचाय त्येनं घरातच द्यावा,” म्हणायचे. बल्ब पुऱ्या तेजानं जळू नये म्हणून वायरीत काहीतरी जोडून त्यांनी उजेडही मंद करून ठेवला होता. मी एकदा म्हटलं, “मामा, जरा झगझगीत तरी ठेवा.” तर म्हणाले, “उजेड वाचण्यापुरता पायजे बाई, मिरवायला न्हाय.”

त्यांची दाद काट्यावरची असायची. “आज लई झाक! मधली रेघ सोडली न्हाय तुमी.” नाहीतर, “तिसऱ्या गाण्याला दमला हुता की. काटा बसाय लागला हुता.” आणि खरंच मी दमलेली असायची. एका पुढाऱ्याच्या भाषणाबद्दल ते म्हणाले होते, “बोलनं कमी आन् फुंकरच जास्त. काटा उगंच उड्या मारतोय.” माझ्या गाण्याबद्दल पुढे पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं, छापूनही आलं. त्यातलं फारसं लक्षात राहिलेलं नाही. ‘रेघ सोडली न्हाय’ एवढं मात्र राहिलंय.

मग माझ्या थोरलीचा जन्म झाला आणि त्या वर्षी गणपतीत मी गायले नाही. मंडळानं बाहेरगावचे एक नावाजलेले गायक बोलावले. मामा-मामींशी त्याबद्दल बोलणं झालं होतं. पाहुण्यांना सांगून ठेवू का, असं मी विचारलं, तर मामांनी हातच जोडले. “येकाला सांगितलं की गाव झालं,” म्हणाले. संध्याकाळी मी लेकीला मांडीवर घेऊन बायकांत मधोमध बसले होते. मामी शेजारी होत्या. पाहुणे गातही सुंदर होते. आणि दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर पिवळी खिडकी विझली.

मामांनी वर पाहिलं. आधी पाहुण्यांकडे, मग त्यांच्याजवळच्या भरलेल्या पेल्याकडे. पाहुणे डोळे मिटून गात होते, ते कशाला थांबतील! मामांनी भीतीनं आवाज कमी केला. मागून आरडाओरड झाली, “आवाज! आवाज!” लोकांनी हात उंचावले. मामांनी वाढवला, तशी कर्ण्यांनी शिट्टी धरली. आता लोक कानांवर हात ठेवत होते, कुणी खाली दाबून दाखवत होतं, कुणी नुसतेच हात उडवत होतं. अर्धवट उजेडात ते सगळे हात मामांना सारखेच दिसले असतील. त्यांनी आणखी वाढवला. मामी उठल्या, मी लेकीला कुणाच्या तरी हवाली करून उठले, पण दाटीतून वाट मिळेना. “त्यांना पाणी द्या, पाणी द्या!” मी ओरडत होते. कुणाला काय कळणार?

पाहुणे थांबले. त्यांनी मान वळवली आणि माईकवरूनच विचारलं, “अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

मामांच्याच चारही कर्ण्यांतून ते वाक्य सगळ्या मैदानावर गेलं. एका माणसाशिवाय सगळ्यांनी ऐकलं. पोरांतून कुणीतरी ओरडलं, “आरं, त्येला खरंच येत न्हाय!” आणि मैदान हसलं. मी टेबलापाशी पोचले तेव्हा मामांनी बल्ब बदललेला होता. काटा पुन्हा दिसत होता. मैदान हसत होतं म्हणून तेही सगळ्यांकडे बघून हसत होते.

“काय म्हनले पावनं?” त्यांनी मला विचारलं.

“पाणी मागतायत,” मी म्हटलं.

त्यांनी लगबगीनं स्वतःचा तांब्या पुढे केला. ते बघून लोक आणखी हसले. मला त्या गर्दीचा इतका राग आला होता की एकेकाला बाहेर हाकलावंसं वाटलं. पण मी आपली तांब्या धरून उभी राहिले.

पुढचं सांगायला नको. सुपाऱ्या मामांच्या पुतण्याच्या नावानं यायला लागल्या. पुतण्या वाईट नव्हता. त्यानं नवं, हलकं मशीन घेतलं आणि काकांना ते चालवायलाही बसवून पाहिलं. पण त्याला काटाच नव्हता, नुसता एक लाल दिवा. “ह्यो दिवा नुसता हाय म्हनतोय,” मामा म्हणाले. “किती हाय त्ये सांगत न्हाय.” महिनाभर ते त्या लाल दिव्यासमोर बसून राहिले आणि मग मामींच्या माहेरी, वळसंगला निघून गेले. जुनं मशीन तेवढं सोबत नेलं.

मी लेकीला घेऊन त्यांना भेटायला गेले ते दिवाळीनंतर. पडवीत खोक्यावर मशीन होतं, वर धुतलेलं फडकं. मामा वाळले होते, पण मला बघून लगबग करत उठले. एक लहानसा स्पीकर जोडला, माझ्यासमोर माईक ठेवला, ‘हॅलो’ म्हणाले आणि काट्याकडे बघून मान हलवली. “गावा की बाई,” म्हणाले. मी गायले. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून ते त्या पिवळ्या खिडकीत बघत होते. मामी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या.

गाणं संपलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “येक इचारू का? तुमचा आवाज कसा हाय?”

माझ्या गाण्याला त्यांनी पहिल्यांदा माईक लावला तेव्हा त्यांचे कान केव्हाच गेलेले होते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. आपला आवाज कसा आहे हे ओठांनी कसं दाखवायचं?

तेच पुढे म्हणाले, “मी आपला आईचा धरून चाललोय. सांगोल्याकडं आमची मेंढरं आसायची. दिस कलला की टेकावरनं ती हाळी द्यायची. मी कुटंबी आसलो तरी यायची. तुमी गायला बसला, काटा उठला, की मी तिचा आवाज लावून घ्यायचो. इतकी वर्सं तसंच ऐकतोय तुमाला. बरोबर हाय न्हवं?”

मी मामींकडे पाहिलं. सासूचा आणि माझा, दोन्ही आवाज ऐकलेलं जगात तेवढंच माणूस होतं. मामींनी शेंगा बाजूला केल्या, नवऱ्याच्या समोर येऊन बसल्या आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाल्या, “व्हय. आगदी तसाच हाय.”

मीही मान हलवली. मामा समाधानानं हसले आणि त्यांनी मशीन बंद केलं.

एसटीपर्यंत मामी सोडायला आल्या. वाटेत म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंचा आवाज लई राठ हुता, बाई. चार रानं पल्याड जायचा, पर ऐकवायचा न्हाय. तुमचा लई गोड हाय. त्ये त्येनला कसं सांगू?” आणि रस्त्यातच रडायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मी त्यानंतर पुष्कळ वर्षं गायले, लोकांनी प्रेमही केलं. पण मनातली हळहळ काही जात नाही. एकदा, एखाद्या साध्याशा गाण्यापुरता का होईना, माझा आवाज त्यांना ऐकू यायला हवा होता. बाकी कुणी ऐकला नसता तरी चाललं असतं.