काट्यावर तोललेली गाडी

हे गेले त्या दिवशी गाडी भावजींच्या वर्कशॉपमध्ये होती.

भावजी म्हणजे ह्यांचे मित्र. उमरग्याजवळ हायवेला त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. तिथंच दोघांनी शेतातलं जुनं डिझेल इंजिन, पाइप आणि मोटारसायकलची चाकं जोडून ही गाडी बनवली. एका लिटरमध्ये ती खूप लांब जावी, म्हणून प्रत्येक भाग धान्याच्या आडतीतल्या काट्यावर तोलूनच बसवायचे. गाडी हे चालवायचे, मागं एकाच माणसापुरती जागा होती. भावजी सडपातळ, म्हणून चाचणीला तिथं कायम तेच बसायचे.

"मलाही न्या की एकदा," मी म्हणाले.

"तू बसलीस की ॲव्हरेज गेलं," हे म्हणाले.

"वहिनी, ह्याच्यापायी मी रात्रीचं जेवण सोडलंय," भावजी हसले. "तुमच्याच्यानं व्हईल का?"

तेराव्यानंतर भावजी गाडी घेऊन घरी आले. "बसा वहिनी, एक चक्कर मारू." मी मागं बसले. चढावर गाडी मंदावली तसे ते म्हणाले, "हितं आलं की हा लई बोलायचा. तुमच्याविषयी बी."

"काय बोलायचे?"

"चांगलंच की."

घरी हे माझ्याशी मोजकंच बोलत. भावजींनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, पण मला त्यांचा हेवा वाटला. माझ्याविषयीचं चांगलंसुद्धा त्यांनाच ऐकायला मिळालं होतं.

परत आल्यावर मी त्यांना गाडी इथंच ठेवायला सांगितली. ते बसनं गेले.

गाडी आमच्या अंगणात आहे. मला ती चालवता येत नाही आणि भावजींना मी ती देत नाही.