पाणकरमामांच्या नऊ वह्या

पाणकरमामांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्यात पहिला नंबर त्यांचा स्वतःचा होता. जेवून हात धुतले की ते मामीला विचारायचे, "मी जेवलो का?" मग सुनेला, मग शेजारच्या म्हाताऱ्याला. तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं तरच सुपारी तोंडात जायची. एकदा सून आणि शेजारी यांनी संगनमत करून चक्क "नाही" सांगितलं. मामा निमूट पुन्हा पाटावर बसले. "दोन वोट पडले ना," म्हणाले, "आता पोटाचं कोन आयकते?"

दिघोरीच्या पलीकडे आमचं गाव. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, एकामागून एक सोडायचं, हे पाणकराचं काम. कोणाला कधी पाणी मिळालं याची एकच वही ठेवणं मामांना मंजूर नव्हतं. नऊ घरांत नऊ वह्या. संध्याकाळी देवळापाशी उभं राहून मामा ओरडत आणि नऊ जण लिहून घेत. आधी कालची शेवटची ओळ पुन्हा उतरवायची, मग आजची, आणि खाली चिखलाचा अंगठा. चिखल मात्र शेवटच्या बांधीतला. ती बांधी जनाबाईची, एकट्या बाईची; पाणी तिच्याकडे सगळ्यात शेवटी पोचायचं. तिथवर जाऊन येण्यात चप्पल झिजायची आणि नऊही जण मामांचा उद्धार करत चालायचे. भांडण झालंच तर पाच वह्यांत जुळेल ते खरं.

मी नागपुरात कंप्युटरवर पोट भरणारा माणूस. एका नव्या डिजिटल नाण्यात थोडे पैसे टाकले आणि सुट्टीत मोठ्या ऐटीत मामांना ते समजावायला बसलो. "मामा, तुमच्यासारखंच आहे. एकच वही, पण पुष्कळ मशिनींत. अवघड गणित सोडवल्याशिवाय नोंद होत नाही. अर्ध्याहून जास्त ताकद ज्या वहीमागे, ती खरी."

"अन् तेवढी ताकद एकाच्याच घरी निघाली त?"

"एवढ्या मशिनी कोण विकत घेईल? फार महाग पडतं."

"इकत कायले घेते? आपन धान काढाले मशीन किरायानंच आनतो ना?"

मी हसलो. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं ते हसू होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मामांना हे विचारायचा अधिकार होता, कारण अर्ध्याहून जास्त वह्या एकाच्या ताब्यात गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी भाऊसाहेब. एका वर्षी पावसानं ओढ दिली, तलावात एका फेरीपुरतंच पाणी उरलं. भाऊसाहेबांनी आपली पाळी घेऊन झाली होती, पण त्यांना ती पुन्हा हवी होती. जनाबाईचा धान ऐन लोंबीवर आलेला. तिचं पाणी हुकलं असतं तर वर्षाचं खाणं गेलं असतं. भाऊसाहेबांनी वही ठेवणारे दोन पुतणे आणि आपली शेती ठेक्यानं करणारे तिघे हाताशी धरले. पाच वह्या झाल्या. भाऊसाहेबांना पाणी मिळाल्याची नोंद तीन दिवस जुनी; ती पुसायची म्हणून तिच्यापासून पुढची सगळी पानं फाडून नवी लिहावी लागली. सगळ्यांवर अंगठेही उमटवले.

दुसऱ्या दिवशी देवळापाशी वह्या उघडल्या. पाच विरुद्ध चार. जनाबाई पदराचं टोक चावत उभी होती. मामांनी एकेक पान नाकाशी नेलं, अंगठ्यावर नख घासलं आणि मान हलवली.

"हे काळी कन्हार माती होय. तलावाखालची, भाऊसाहेबाच्या वावरातली. जनाबाईच्या बांधीत पिवळी सिहार हाय."

धाकटा पुतण्या बोलून गेला, "येवढ्या उनाचं तिथवर कोन जाते, मामा?"

सगळं गाव हसलं. मामा हसले नाहीत. "लबाडी कराले बी तिथवर चालत जा लागते, बापू. अन् गेला असता त तिचा धान दिसला असता. मंग लिवलं असतं का?"

पाणी जनाबाईला गेलं. भाऊसाहेब चार दिवस घराबाहेर दिसले नाहीत, आणि वह्या खोट्या ठरल्या तर आपल्याही शेताला पाणी मिळणार नाही हे त्यांना त्या चार दिवसांत उमगलं असावं.

माझं नाणं दीड वर्ष टिकलं. एका दुपारी कोणीतरी खरोखरच मशिनी भाड्यानं घेतल्या, अर्ध्याहून जास्त ताकद जमवली आणि मागच्या नोंदी फिरवल्या. मोठी नाणी शाबूत होती; तिथं एवढं भाडं कोणाला झेपत नाही. आमचं लहान होतं. मी मामांना फोन केला. वाटलं, आता टोमणा येईल.

"तुह्या नाण्याचा वापर करनारे किती होते?"

"थोडेच, मामा."

"मंग बराबर हाय. चालनारे थोडे असले का रस्ता इकत भेटते." मग म्हणाले, "तू जेवला का? मामीले देतो, तिले बी सांग."

यंदा धान लोंबीवर असतानाच मामा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी देवळापाशी ओरडायला कोणी नव्हतं, तरी नऊ जण वह्या घेऊन आले. त्यांनी कालची ओळ उतरवली आणि खाली लिहिलं, 'आज पाणकर गेले. पाणी जनाबाईच्या बांधीपर्यंत पोचलं.' मी मामांसारखा एकेक अंगठा पाहत गेलो. नऊही पिवळे.

नववी वही हल्ली भाऊसाहेबांकडे असते. ते पायरीवर बसले होते, पाय पोटरीपर्यंत चिखलात भरलेले, गुडघा चोळत.

"मोटारसायकलनं काहून नाही गेले, भाऊसाहेब?" मी विचारलं.

"मामायले समजलं असतं," ते म्हणाले, आणि त्यांनी रडू लपवलं नाही.