सिंकमधल्या मोठ्या आत्या

बाळांनो, आपल्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरात वरच्या मजल्यावर एक ऑफिस आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सगळी तरुण मुलं. कॉफी अखंड, आणि दर कॉफीला नवा कागदी कप. प्रत्येक कपाच्या तळाशी घोटभर कॉफी ठेवायचीच, असा बहुधा त्यांच्या कंपनीचा नियम असावा. असे कप सुक्या कचऱ्यात गेले की सुका कचरा ओला होतो. मग कचऱ्याची गाडी त्यांची पिशवी माझ्या फाटकाशी सोडून पुढे जायची, आणि मुंग्यांची रांग थेट माझ्या चपलांपर्यंत यायची.

शेवटी मी त्यांच्या मॅनेजरबाईंना सांगितलं, "महिनाभरात हे कप बंद. नाहीतर दुसरी जागा बघा."

"अज्जी, आत्ता आम्ही कुठे जाणार? स्वल्प सांभाळून घ्या ना!" तिचा चेहरा खरंच उतरला.

तिने स्टीलचे पेले आणले. सगळे एकसारखे. लवकरच ते सिंकमध्ये खरकटे साचले, कारण जो तो म्हणे, "हा माझा नाही." कागदी कप गुपचूप परत आले.

मग मी माळ्यावरची पेटी उतरवली. माझ्या लग्नातल्या आहेराचे पेले, प्रत्येकावर कोरलेलं: 'मोठ्या आत्यांकडून सप्रेम भेट', 'नागपूरच्या काकांकडून सप्रेम भेट'. एकेकाला एकेक नातेवाईक दिला. ऑफिसात बेळगावची एक मुलगी आहे, तिने सगळ्यांना अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात ऐकू येऊ लागलं, "अरे, नागपूरचे काका अजून लोळतायत! उचल त्यांना!"

"धुतले रे बाबा! तुझी धाकटी मावशी बघ, मीटिंगमध्ये एकटीच बसलीय."

पेला कोणाचा हे सगळ्यांनाच कळल्यावर न विसळून सांगता कोणाला!

महिना संपला. गाडीवाल्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मुकाट उचलली. मॅनेजरबाई खाली आली. "मग राहू ना आम्ही, अज्जी?"

मी वर जाऊन पाहणी केली. कागदी कप एकही नव्हता. सिंकमध्ये मात्र एक पेला खरकटा पडला होता.

"मोठ्या आत्या कोणाच्या?"

"माझ्या," ती अगदी हळू म्हणाली.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं, "राहा. खुद्द आत्यांनीही जन्मात कधी पेला विसळला नव्हता."