सुनंदा कुणाच्याच हाताला लागली नाही

दसरा तोंडावर आला होता आणि बारामतीला आमच्या कॉलेजच्या मैदानावर मुलींच्या खो-खोची फायनल होती. समोर इंदापूरचं कॉलेज. सुरतेत प्लेग आला आणि इकडे आपल्याकडेही लोकांनी तोंडाला रुमाल बांधले, त्या वर्षीची ही गोष्ट...

मेडिकलमध्ये प्लेगवरची टेट्रासायक्लिन मिळेनाशी झाली होती. एखादा उंदीर मेला तरी आख्खी गल्ली गोळा व्हायची. प्राचार्यांनी फळ्यावर नोटीस लावली... जिंकलात तरी मिरवणूक नाही, गुलाल नाही, गर्दी नाही. मुलांनी ती नीट वाचली आणि हलगी आणायला गेले!

सुनंदा आमची कॅप्टन आणि हॉस्टेलवर माझी रूम पार्टनर. डाळज गावची. पळायला लागली की तिची वेणीसुद्धा कुणाच्या हाताला लागायची नाही. मी मात्र दोन फेऱ्यांत धापा टाकणारी... टीममध्ये मला का घेतलं होतं हे अजून कोडंच आहे.

मध्यंतरात तिचे वडील, तात्या, आले. दोघं लिंबाखाली बोलत होते, पण चांगले लांब लांब उभे राहून. मला वाटलं, रागावलेत बहुतेक... पोरगी चारचौघांत शॉर्ट्स घालून पळते म्हणून. बोलणं झालं आणि तात्या सामना न बघताच एसटी पकडायला निघून गेले.

शेवटच्या डावात आमची पळती होती. सुनंदा शेवटच्या तुकडीत उतरली. बरोबरच्या दोघी लगेच बाद झाल्या आणि ही एकटी राहिली... इंदापूरच्या पोरी काही कच्च्या नव्हत्या. पण त्या दिवशी ती जशी पळाली, तसं मी पुन्हा कुणाला पळताना पाहिलं नाही. कुणाचं बोटसुद्धा लागू दिलं नाही तिनं. शिट्टी वाजली आणि आम्ही जिंकलो.

सगळं कॉलेज मैदानात घुसलं. हलगी सुरू, गुलाल सुरू, नोटीस गेली उडत. आम्ही सुनंदाला उचलायला धावलो... आणि ती पळाली की! डावीकडे हूल दिली आणि उजवीकडून निसटली.

आम्हाला गंमतच वाटली. खो-खो खेळणाऱ्या पोरी आम्ही... समोर कुणी पळालं की पाठीमागे लागायचं, एवढंच कळायचं. निम्म्या इकडून, निम्म्या तिकडून, तिला कोंडीत धरायला निघालो. मी तर तिला भरवायला हातात पेढा घेऊन पळत होते.

ती खेळाच्या साहित्याच्या खोलीत घुसली आणि आतून कडी लावली. आम्ही दार बडवतोय, हसतोय... आणि खिडकीतून तिचा रडका आवाज आला.

"लांब व्हा गं! दादा सुरतंहून आलाय, तापानं फणफणलाय. रविवारी मी त्येच्याच ताटात जेवलीया!"

हलगी थांबली. गर्दी किती पटकन मागे सरकते, ते मी त्या दिवशी पाहिलं. मीही सरकले... सोमवारपासून तिच्या शेजारच्याच कॉटवर झोपत होते मी.

तात्या हेच सांगायला आले होते. रविवारी धडधाकट असलेला दादा सामन्याच्या आदल्या दिवसापासून तापानं पडला होता. तू घरी येऊ नको आणि कुणाला सांगू नको, नाहीतर गाव वाळीत टाकेल, कॉलेजातनं काढतील... असं बजावून ते गेले. ती तोंड मिटून मैदानात उतरली, आता कुणाचा हात लागू द्यायचा नाही एवढंच ठरवून. पण आख्खी गर्दी अंगावर आली, तेव्हा तिला गप्प बसवेना.

आमच्या खेळाच्या मॅडम तोंडाला रुमाल बांधून खिडकीशी गेल्या. तिला काय होतंय, दादाला काय होतंय, सगळं शांतपणे विचारलं. मग पोरांना घरी पिटाळलं, आमची टीम हॉस्टेलच्या एका बाजूला वेगळी ठेवली, इंदापूरच्या टीमलाही कल्पना दिली आणि ऑफिसातून सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर लगेच डाळजला गेले.

दादा घरात नव्हताच! गावाला कळू नये म्हणून त्याला मळ्यातल्या खोपीत ठेवलं होतं, कुठून तरी मिळवलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल देऊन. प्लेग नव्हता तो... रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. पण इतका वाढला होता की त्याची शुद्ध हरपत चालली होती.

तो निरोप येईपर्यंत सुनंदा पलीकडच्या खोलीत एकटी होती. मी भिंतीवर टकटक करायचे, तीही उलट टकटक करायची. मला तिचा राग यायचा, आणि लगेच रडूही यायचं...

दादाला बरं वाटू लागल्यावर तात्या कॉलेजात आले. फाटकाबाहेरच उभे राहिले, आत येऊ देतील की नाही म्हणून. मॅडम स्वतः गेल्या, त्यांना आणून खुर्चीवर बसवलं, चहा दिला. सुनंदा मान खाली घालून उभी... बापानं सांगू नको म्हटलेलं तिनं सगळ्या कॉलेजासमोर सांगितलं होतं.

तात्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्याच म्हनलं हुतं, कुनाला सांगू नगंस. पोरीनं माझं ऐकलं आसतं, तर पोरगं खोपीतच गेलं आसतं, मॅडम."

करोनात घराघरांतून ताप लपवणारी माणसं पाहिली, तेव्हा मला तात्याच आठवले. नावं ठेवावीशी वाटली नाहीत. त्यांना रोगापेक्षा माणसांची भीती जास्त होती, आणि ती उगाच नव्हती... आम्ही सगळे मागे सरकलोच होतो.

परवा दादाच्या मुलीच्या लग्नाला डाळजला गेले होते. डोक्याला फेटा, हातात जिलबीचं ताट, आणि पंगतीत प्रत्येकाला आग्रह करकरून वाढत होता तो. मी मनात म्हटलं... थँक्यू गं, सुनंदा.