मार्लिसची बोट आणि तिळाएवढा शिंपला

मार्लिस हॉगलंडला स्वतःची पहिली बोट मिळाली तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून ती सोळा वर्षांच्या पोरीसारखी वागायला लागली. रस्त्यात पेट्रोलला थांबलं की आधी मागे जाऊन बोटीवर हात फिरवायची, मग पेट्रोल. नवरा ड्वेन म्हणाला की आमच्या लग्नानंतर मलाही एवढं कुणी कुरवाळलं नव्हतं. मार्लिस म्हणाली, तू चाळीस वर्षांत एकदाही पाण्यावर तरंगला नाहीस.

ते खरंच होतं. ड्वेनचा जीव घोड्यांत. तिचा मात्र जन्म अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एल्कहॉर्न तळ्याच्या काठावर गेला, आणि गेला तो काठावरच. बापाची एक बोट होती. लाकडाची गिरणी बंद पडली त्या वर्षी ती विकली गेली. पुढे मार्लिस हिवाळ्यात शाळेची बस चालवायची आणि उन्हाळ्यात राज्याच्या हद्दीवर दुसऱ्यांच्या बोटी तपासायची. बाहेरून ट्रेलरवर येणारी प्रत्येक बोट तिथे थांबलीच पाहिजे, असा कायदा. कारण दक्षिणेकडच्या तळ्यांतले बारीक शिंपले बोटींना चिकटून येतात, आणि एकदा का पाण्यात शिरले की देव आला तरी निघत नाहीत. धरणाचे पाइप बुजवतात, माशांच्या तोंडचं खातात, काठावर पोरांचे पाय चिरतात. म्हणून मार्लिस चौदा उन्हाळे पाठीवर झोपून लोकांच्या बोटींखाली सरपटली. तळ्यावर दरवर्षी मासे धरायची शर्यत लागायची, तेव्हाही ही काठावरच, हातात टॉर्च घेऊन.

यंदा तसं होणार नव्हतं. नोकरी सुटली होती, दोन राज्यं पलीकडच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून तिने हिरवी सोळा फुटी बोट घेतली होती, आणि येत्या शनिवारच्या शर्यतीत तिचं नाव लागलं होतं. बोट शनिवारी पाण्यात उतरली पाहिजे, बस्स. दुसरं काही तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा मुकाट बसला होता आणि बायको बाशिंग बांधून पिकअप हाकत होती.

घाट चढून मोंटानाची हद्द लागली. आभाळ निवळलं, माळावर हरणं दिसली, आणि मार्लिसने गळा काढून गायला सुरुवात केली. पहिला ट्राउट मासा कुठल्या खडकाशी धरायचा, बोटीच्या टोकावर कोण बसणार, सगळं ठरवून झालं. ड्वेनने जेवणाच्या डब्यातून वाळवलेल्या मांसाची पट्टी काढली, चावली, आणि शांतपणे विचारलं, "तुझं तपासणी नाकं मागे गेलं ना गं?"

गेलं होतं. नारिंगी दिवे लावलेला, गोठ्याच्या दाराएवढा बोर्ड, जो तिने स्वतः दर वसंतात पुसला होता, तो मागे गेला होता आणि ही गात होती. न थांबता जाणाऱ्यांना ती काय काय बोलायची! आंधळे, बेपर्वा, तळ्याचे मारेकरी. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. ड्वेन म्हणाला की कुणी पाहिलं नाही, बोट धुतल्याचा कागद आहे, चल घरी. मार्लिसचे कान लाल झाले होते. पुढच्या फाट्यावर तिने गाडी वळवली आणि आठ मैल मागे आली.

नाक्यावर जोलीन होती. हिवाळ्यात शाळेच्या स्वयंपाकघरात असते, उन्हाळ्यात इथे. हे काम तिला मार्लिसनेच शिकवलं होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बॉस, मघाशी तुम्हीच गेलात ना भरधाव? पोलिसांना फोन लावायला घेतला होता मी."

"मग लावायचा होतास," मार्लिस म्हणाली. "मी असते तर लावला असता."

जोलीनने नेहमीचे प्रश्न काढले आणि मार्लिसने ते पुरे व्हायच्या आत उत्तरं दिली. बोट शेवटची कुठल्या पाण्यात होती, बुडाचं बूच काढलंय का, मासे ठेवायची टाकी कोरडी आहे का. आदल्या राज्यात गरम पाण्याने धुतल्याचा कागदही पुढे केला. प्रत्येक बोटवाला करतो तशी घाई ती करत होती, आणि ते तिला कळतही होतं. जोलीनने बोटीच्या पोटावरून बोटं फिरवली. गुळगुळीत. तुमच्या बोटीत काय बघायचं, असं म्हणून ती शिक्का काढायला निघाली. मार्लिसने दटावलं की अनोळखी माणसाची समज आणि सगळं विचार.

"बरं," जोलीन हसत म्हणाली. "नांगर कुठाय?"

मार्लिसचा चेहरा उतरला. नांगर बोटीत नव्हता. म्हाताऱ्याने दोराला भलत्याच गाठी मारल्या होत्या, त्या तिच्याच्याने बघवेनात. म्हणून मोटेलच्या खोलीत बसून सोडवाव्यात या हौसेने तिने दोर नांगरासकट पोत्यात भरून पिकअपमध्ये घेतला होता. बोट धुतली गेली तेव्हा पोतं ड्वेनच्या पायाशी होतं. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण तिच्या ते ध्यानातच आलं नाही. चौदा वर्षं जो प्रश्न ती प्रत्येकाला तीन तीनदा विचारायची, तो स्वतःला विचारायचा राहिला.

पोतं तिनेच उतरवलं. जोलीन पलीकडे पाण्याचा पाइप उलगडत होती, ड्वेन थर्मासातून कॉफी ओतत होता. मार्लिस दोर हातातून सोडत गेली. वरून सुका, आतून अजून दमट. नांगराच्या कडीपाशी दोराच्या पिळात बोटाला एक कण लागला. वाळू असेल म्हणून तिने तो लोटला. वाळू घरंगळते. हा हलला नाही.

तिने दोर डोळ्यांजवळ नेला. तिळाएवढा, अंगावर पट्टे, घट्ट मिटलेला. मेलेला शिंपला तोंड उघडून पडतो. हा जिवंत होता.

नखाने एकदा खरवडलं असतं तर काम झालं होतं. कुणीही बघत नव्हतं, आणि शनिवारी बोट पाण्यात. हे तिच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी उसळून आलं. चौदा उन्हाळ्यांत तिने शिंपले पाहिले ते शिकवायला ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीत. हजारो बोटी पालथ्या घातल्या, गुडघे झिजवले, शिव्या खाल्ल्या, आणि एकही सापडला नाही. आपण नसलेल्या चोरासाठी पहारा देतोय की काय, असं कित्येक संध्याकाळी वाटायचं. चोर होता. या क्षणी तिच्या दोन बोटांमध्ये होता, आणि तिच्याच गाडीत बसून तिच्याच तळ्याला निघाला होता.

"जोलीन," तिने हाक मारली. "भिंग आण."

भिंगातून आधी एकीने पाहिलं, मग दुसरीने, मग पुन्हा पहिलीने. जोलीनने सुद्धा जिवंत शिंपला कधी पाहिला नव्हता. दोघींनी एकमेकींचे दंड धरले आणि त्या डांबरावर दोन प्रौढ बायका लहान पोरींसारख्या उड्या मारायला लागल्या. ड्वेनला वाटलं, झालं काम. तो कॉफी सावरत गाडीत चढायला निघाला.

"पास झाली ना?"

"नाही," मार्लिस म्हणाली. "सापडला. खराखुरा सापडला."

"मग हसतेस काय?"

जोलीनने मार्लिसचा दंड सोडला, कारण पुढचं तिलाही माहीत होतं. बोट, ट्रेलर, दोर, सगळं पुन्हा उकळत्या पाण्याखाली, आणि मग महिनाभर कोरडं, नाक्याच्या कुंपणात, सीलबंद. शर्यत वर्षातून एकदाच. शनिवार गेला. मार्लिसला रडू फुटलं, आणि गंमत म्हणजे हसूही थांबेना. ड्वेनने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली.

जोलीनने कपाटातून तारेचं लाल सील आणलं. इथे ते कधी वापरायची वेळच आली नव्हती, त्यामुळे तार कशी ओवायची तेही तिला आठवेना. बोट ट्रेलरवरून उतरवता येऊ नये म्हणून ती दोन्हींत तार घालून कशीबशी गाठ मारत होती, आणि मार्लिसकडे बघायचं टाळत होती.

मार्लिसने बाहीने डोळे पुसले आणि तार तिच्या हातातून घेतली.

"सैल ठेवू नकोस," ती तार पिळत म्हणाली. "मालक लोकांचा काही भरवसा नसतो."