शेवटच्या तासाची झोप

आज चौथ्या तासानंतर स्टाफरूममध्ये कपाळाला बाम चोळला आणि त्या वासाबरोबर एकदम पेडणेकर बाई आठवल्या.

ठाण्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या आठवीला मराठी शिकवायच्या. विठ्ठलवाडीहून यायच्या आणि जवळ आल्या की असाच बामाचा वास यायचा. एकदा शेवटच्या तासाला त्यांनी आम्हाला निबंध लिहायला सांगितला आणि गालावर हात टेकून खुर्चीतच झोपी गेल्या. मुली खुसखुसायला लागल्या. मी मॉनिटर होते. मला ते आपलं कर्तव्यच वाटलं आणि मी जाऊन मुख्याध्यापिकांना घेऊन आले.

"पेडणेकर बाई, शाळा आहे ही!" त्या दारातूनच कडाडल्या.

बाई दचकून उठल्या, पदर सावरत म्हणाल्या, "चुकलं माझं." मुख्याध्यापिका गेल्यावर त्यांनी मला दाराशी उभी पाहिलं. "तू कुठे गेलेलीस गं?"

"पाणी प्यायला, बाई."

"बरं, बस. ऊन फार आहे आज."

त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि बाई पहाटेपासून त्यांचंच करून शाळेत यायच्या, हे पुढे कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी मात्र मी ताठ मानेने घरी गेलेले.

आता मीही डोंबिवलीत मुलींनाच शिकवते. आज मी तिथे असते, तर वर्गाचं दार हळूच ओढून घेतलं असतं आणि मुलींना म्हटलं असतं, "आवाज करू नका गं, झोपू दे त्यांना."