घरात लेकरं हायेत

अन्याय झाला तो मागच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी सात ते साडेदहा या वेळेत. झाला तो आमच्या धरणाच्या फुगवट्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून मरळ मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसावर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ‘माहं नाव नोको छापू’ असं ते मला म्हणाले होते, आणि त्यांचं एक तरी ऐकायचं असं मी ठरवलं आहे. अन्याय कोणी केला तेही सांगते, त्यासाठीच लिहायला बसले आहे.

त्यांची एक खूण होती. उजवा पंजा पालथा करायचा आणि हवेत दोनदा खाली दाबायचा, झोपलेलं मूल थोपटावं तसा. मग म्हणायचं, “हळू. घरात लेकरं हायेत.”

पहिल्यांदा हे मी भर सभेत ऐकलं. धरणातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला द्यायचं घाटत होतं, म्हणून बाभुळगावला आम्ही मच्छीमारांची सभा लावली होती. मी माईकवर अशी तापले होते की भोंगा शिट्ट्या मारायला लागला. पहिल्या रांगेतल्या या माणसाने पंजा पालथा केला. “हळू वो माय. घरात लेकरं हायेत.” सभा मंगल कार्यालयात होती, लेकरं कुठेच नव्हती. सगळे हसले आणि माझं भाषण तिथेच बसलं. त्या दिवसापासून ते मला लीडर म्हणायला लागले आणि मी त्यांना मामा.

मामांची नाव म्हणजे ट्रकची ट्यूब. तिच्यावर बाजेसारखी दोरीने विणलेली बैठक, पाय पाण्यात. वल्हं नाही. दोन्ही हातांत रबरी चपला घालायच्या आणि त्यांनी पाणी मागे सारायचं. “जमिनीवर पायात, पान्यात हातात. चपलेले सुट्टी नाई.” हल्ली ट्रकना बिनट्यूबचे टायर लागतात, त्यामुळे धड ट्यूब मिळत नाही. एकदा पांढरकवड्याला गेले तेव्हा हायवेवरच्या टायरवाल्याकडे तासभर उकरून त्यांच्यासाठी एक शोधली. एसटीत कंडक्टरने विचारलं, “हे काय मॅडम?” म्हटलं, “जहाज.” त्याने जहाजाचं लगेज तिकीट फाडलं.

मामांनी ट्यूब पाण्यात दाबून पाहिली. “तीन पंक्चर हायेत, लीडर.”

“वापरलेलीच मिळते, मामा.”

“मी कोठी नाव ठेवलं,” त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. “हे बी वापरलेलंच हाये.”

आता मुख्य गोष्ट. एकदा त्यांनी मला दुसऱ्या ट्यूबवर बसवलं आणि दोरीने ओढत फुगवट्याच्या आत नेलं, जिथे कंबरभर पाणी आणि गवत असतं. मला स्वस्थ बसता येत नाही. मी हलले की ट्यूब हलायची, ट्यूब हलली की पाणी.

“तुह्या बुडाखाली सुई हाये का वो?”

तासाभराने पाण्यावर ताटाएवढा तांबूस डाग दिसला, मंद आचेवर उकळी फुटावी तसा बुडबुडणारा. मरळीची पिलं, शेकड्याने. त्यांच्याखाली हातभर लांबीची काळी सावली. मरळ पिलांवर राखणीला असते तेव्हा पिलांजवळ काहीही पडलं की ती त्याच्यावर झडप घालते. भुकेने नाही, रागाने. म्हणजे तिला धरायला याहून सोपी वेळ नाही. मामांनी गळ गुंडाळून ठेवला. बैठकीला बांधलेल्या जुडीतून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक वाळकी काडी काढली, चिखलात खोवली आणि चपलांनी ट्यूब वळवली.

“धरणार नाही?” मी विचारलं.

पंजा पालथा. “घरात लेकरं हायेत.”

पऱ्हाटीची काडी दिसली की तिथे जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही. पिलं मोठी होऊन पांगली की काडी काढायची. फुगवट्यातल्या सगळ्या डोंगेवाल्यांना हे ठाऊक. धरण नव्हतं तेव्हा नदीच्या डोहातही असंच चालायचं म्हणे. कुठे ठराव नाही, दंड नाही. मामांनी काडी लावली, की लावली.

रविवारी शहरातून कयाकवाले यायचे. गाडीच्या टपावर प्लास्टिकच्या लांबट होड्या, हिरव्या, नारिंगी. मरळीसाठी त्यांच्याकडे रबराचा बेडूक होता, पोटाखाली दोन गळ. मामांनी तो उलटापालटा करून पाहिला.

“याच्या पोटात काय हाये?”

“हवा, काका.”

“मंग मरळ याले काहून खाते?”

“फसते.”

“मले वाटलं, कीव येते तिले.”

मुलं हसली, मामाही. पकडलेली मरळ ती मुलं मारत नसत, फोटो काढून सोडून देत. चांगली मुलं होती. हे लिहिणं मला जड जातं. पत्रक लिहिणाऱ्याला दुष्ट माणूस लागतो, आणि या गोष्टीत तो मला बाहेर सापडलेला नाही.

ठेक्याच्या भांडणासाठी मी पत्रक काढलं. मासे राखतं कोण, हे एकदा साहेबलोकांच्या नाकासमोर धरायचं होतं. तिसरं पान सबंध पऱ्हाटीला दिलं. काडीचा फोटो, मरळ पिलांवर कशी असते त्याची हकिकत, आणि खाली फुगवट्याचा नकाशा, काडी असेल तिथे तिथे फुली. मामांकडून माहिती काढूनच लिहिलं होतं. छापून आल्यावर पहिली प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी काडीच्या फोटोवर अंगठा ठेवला.

“हे कायले छापलं?”

“लोकांना कळलं पाहिजे, मामा.”

“ज्याले ठावं पाह्यजे त्याले ठावं हाये.”

“आणि बाकीच्यांना?”

“बाकीच्यायले कायले पाह्यजे?”

मी दहा मिनिटं बोलले. हक्क, पुरावा, जनमत. त्यांनी पंजा पालथा केला नाही. नुसतं ऐकून घेतलं आणि पत्रक घडी करून खिशात ठेवलं. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी घरी येऊन पत्रक मोबाइलवरून जिल्हाभर पाठवलं.

तान्ह्या पोळ्याला सुट्टी असते. कयाकवाल्यांनी त्या दिवशी स्पर्धा ठेवली. गावात पोरं लाकडी बैलांना झुली घालत होती, मी तिथेच होते. डोंगेवाल्यांपैकी एकाचा फोन आला, “ताई, धरनावर या. मामा काई बोलून नाई राह्यले.”

पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. काडीपासून काडी, काडीपासून काडी, साडेतीन तासांत एकही सुटली नव्हती. प्रत्येक मरळ काठावर आणली, पट्टीवर ठेवून मोजली, फोटो काढला, तिथेच काठाला सोडली. नियमच होता तसा. मामा उभे होते, चपला अजून हातात, धोतर निथळत. एक मुलगा त्यांना समजावत होता.

“काका, एकही मारली नाही. सगळ्या जिवंत सोडल्या.”

“कोठी सोडल्या?”

“इथेच ना, काठाला.”

मामांनी चपलेचाच हात लांब करून पल्याडचं गवत दाखवलं. “तिचं घर तिकडं हाये.”

“जाईल ना काका, पोहत.”

“जाईन. तवरी लेकरं राह्यतीन का?”

तो मुलगा स्वतःच कयाक घेऊन बघायला निघाला, मी मामांच्या मागून ट्यूबवर. पहिल्या काडीपाशी तांबूस डाग नव्हता. बारके मासे फिरत होते, पोट भरल्यासारखे, संथ. दुसऱ्या काडीपाशीही तेच. तिसऱ्या काडीकडे मुलाने कयाक नेलीच नाही.

काठावर आल्यावर मी ओरडायला लागले. तक्रार करू, रस्त्यावर बसू, मोर्चा काढू.

“कोनाच्या इरोधात?” मामांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच हवं होतं उत्तर.

मुलाने मोबाइल पुढे केला. तिसरं पान. नकाशा, फुल्या, खाली माझं नाव आणि नंबर. “मॅडम, आम्हाला वाटलं जागा तुम्हीच दाखवल्यात.”

तर अन्याय मी केला. हेतू चांगला होता, हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्याची किळस येते.

त्या दुपारी मामांनी सगळ्या काड्या उपटल्या. मी येते म्हटलं, तर “तू बस.” मोळी काठावर आणून टाकली. “चुलीले होतीन.” त्यानंतर फुगवट्यात काडी लागली नाही. डोंगेवाले विचारायचे, “मामा, जाळं कोठी टाकू?” मामा म्हणायचे, “टाक कोठीबी.” आणि ते टाकतात. दिवाळीनंतर मामा राळेगावला मुलीकडे राहायला गेले. जाताना ट्यूब माझ्या खोलीवर आणून दिली. “तुहं जहाज.”

मी राळेगावला गेले, माफी मागायला. माफीचंही भाषणच झालं. ओट्यावर बसून मी सांगत सुटले, की नवं पत्रक काढते, खुलासा छापते, त्या मुलांना घेऊन येते. आवाज चढत गेला. मामांनी पंजा पालथा केला, हवेत दोनदा दाबला.

“हळू वो माय. घरात लेकरं हायेत.”

आत नातीचं बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. मामा चपला घालून उठले, पायात, आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आले. एसटी सुटताना मी विचारलं, “या पावसाळ्यात याल ना, मामा?” ते म्हणाले, “ट्यूबीत हवा भरून नोको ठेवू. फुटते.”

पावसाळा आला. मी दर रविवारी काठावर जाते, येरझारा घालते आणि परत येते. पाणी सगळीकडून सारखंच दिसतं. म्हणूनच हे सगळं आता लिहिता येतं, दाखवायला एकही काडी उरलेली नाही.

माझं ते पत्रक तुमच्यापैकी कुणाकडे असेल. मोबाइलमध्ये असेल तर पुसा. कागदावर असेल तर तिसरं पान फाडा, जाळा, पुढे कुणाला देऊ नका. आणि कुठल्याही पाण्यावर, डोंग्यात असा, कयाकमध्ये असा, तो तांबूस डाग दिसला तर गळ गुंडाळा आणि नाव फिरवा. फोटो काढू नका. कुठे दिसला ते कुणाला सांगू नका. मलाही नाही.